भात कमी करू की तेल? वजन आणि हार्टसाठी आपलं ताट कसं ठरवायचं

वजन कमी करायचं म्हटलं की घरात दोन पार्ट्या पडतातच. एक म्हणते भात पोळी बंद कर, सगळं त्यानेच होतं. दुसरी म्हणते तेल तूप शेंगदाणे बंद कर, हार्टला वाईट. आणि ज्याला खरंच दहा किलो उतरवायचेत किंवा ज्याचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट खराब आलाय त्याला कोणाचं ऐकावं तेच कळत नाही. म्हणून आधी थेट उत्तर देते, मग कसं करायचं ते सविस्तर. नुसत्या वजनाचं बघितलं तर लो-कार्ब (भात, पोळी, साखर यांतलं कार्ब म्हणजे पिष्ट आणि साखर कमी) आणि लो-फॅट (तेल, तूप, लोणी कमी) दोन्हीने उतरतं आणि जवळपास सारखंच उतरतं. हार्टसाठी कुठलं बरं हे तुमच्या रक्तात नक्की काय वाढलंय त्यावर ठरतं. आणि नुकसान होतं ते अर्धं हे अर्धं ते केल्यावर, म्हणजे कीटोवाल्यांचं (कार्ब जवळजवळ बंद करून फॅट वाढवणाऱ्यांचं) ऐकून तूप आणि चीज वाढवलं पण चार पोळ्या आणि भात होता तिथेच राहिला. हे मी आजूबाजूला इतक्यांदा बघते की हे लिहायला बसले त्याचं कारणच ते आहे.

दोन्ही सारखंच चालतं हे कशावरून म्हणते ते सांगते. अमेरिकेत स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत क्रिस्टोफर गार्डनर आणि त्यांच्या टीमने वजन जास्त असलेल्या ६०९ लोकांवर वर्षभर अभ्यास केला, २०१८ मध्ये तो छापून आला, डाएटफिट्स नावाने ओळखतात. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. पहिल्या ८ आठवड्यांत एका गटाने फॅट दिवसाला २० ग्रॅमपर्यंत खाली आणायचं, दुसऱ्याने कार्ब २० ग्रॅमपर्यंत, आणि मग थोडं थोडं वाढवत जिथे आपल्याला कायमचं निभेल असं वाटतं तिथे थांबायचं. कॅलरी मोजा असं कोणालाच सांगितलं नव्हतं. वर्षाच्या शेवटी लो-फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, लो-कार्बवाल्यांचं ६ किलो, म्हणजे धरण्यासारखा फरक नाहीच. जीन्स बघून किंवा शरीर इन्शुलिन किती सोडतं ते बघून कोणाला काय लागू पडेल हे आधी ओळखता येतं का तेही तपासलं, नाही आलं ओळखता. पण एकाच गटातल्या माणसामाणसांत मात्र फरक प्रचंड होता, कोणाचे पंचवीस किलोच्या वर उतरले आणि कोणाचं उलट वाढलं.

मला त्या अभ्यासातली सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच वाटते. दोन्ही गटांना काही सूचना अगदी सारख्या होत्या: भाज्या जमतील तेवढ्या जास्त खा, वरून घातलेली साखर आणि मैदा जमेल तेवढा काढा, पाकिटातलं कमी करा आणि शक्यतो घरी शिजवून खा. म्हणजे लो-फॅट म्हणून मारी बिस्किटं आणि टोस्ट खाणारा माणूस त्या लो-फॅट गटात बसतच नाही, आणि लो-कार्ब म्हणून बटर चिकन नुसतं वाटीने खाणारा त्या लो-कार्ब गटात बसत नाही. पद्धत कुठलीही घ्या, हा पाया आधी घालायचा, मग भात की तेल हा प्रश्न.

आता आपल्याकडचं. ते अभ्यास तिकडच्या खाण्यावर झालेत आणि आपलं ताट सुरुवातीलाच वेगळ्या ठिकाणी उभं असतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरातल्या पाहणीत, ती २०२५ मध्ये छापून आली, भारतीय माणसाच्या कॅलरीतल्या साधारण ६२ टक्के कार्बमधून येतात असं निघालं. दिवसाच्या २००० कॅलरी धरल्या तर ते ३१० ग्रॅम कार्ब झाले. स्टॅनफर्डमधले लो-कार्बवाले वर्षाच्या शेवटी जिथे टिकले होते ते साधारण १३० ग्रॅमवर. म्हणजे आपल्याकडे 'मी तर फार भात खात नाही' म्हणणारा माणूससुद्धा बहुतेक वेळा भरपूर कार्ब खात असतो, फक्त ते भातात नसतं तर बाकी सगळीकडे विखुरलेलं असतं.

एक साधा दिवस घ्या. सकाळी प्लेटभर पोहे, त्यातच ४५ ग्रॅमच्या आसपास कार्ब. दोन-दोन चमचे साखरेचे दोन चहा, १६ ते २० ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या ७० ग्रॅम, बटाट्याची भाजी १८ एक ग्रॅम, वाटीभर भात ४० ग्रॅम, आमटीतून १०-१२. संध्याकाळी परत चहा आणि चार बिस्किटं, २५-३०. रात्री 'हलकं' म्हणून दोन भाकऱ्या, ८० च्या वर. झाले ३०० च्या पुढे आणि यात गोड पदार्थ एकही नाही. आणि प्रोटीन बघायला गेलं तर दिवसभरात डाळीचं पातळ पाणी आणि चहातलं दूध. यात चूक कोणाची नाही, आपलं जेवण शेतात राबणाऱ्या माणसासाठी बनलंय आणि आपण नऊ तास खुर्चीत बसतो.

इथे ज्वारी बाजरीबद्दल बोलायलाच हवं, कारण खूप लोक पोळी सोडून भाकरी सुरू करतात आणि आपण लो-कार्ब झालो असं समजतात. भाकरी चांगलीच आहे, फायबर असतं, पोट भरल्यासारखं वाटतं, मी स्वतः पोळीपेक्षा भाकरीच सुचवेन. पण ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कार्ब असतात, बाजरी नाचणी पण त्याच्याच आसपास. हातावरची मोठी भाकरी ६० ग्रॅम पिठाची धरली तर एका भाकरीत ४० ग्रॅमच्या वर गेले. आणि उपासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्यात शेंगदाण्याचं कूट आणि तूप पडलं की भरपूर कार्ब आणि भरपूर फॅट एकाच वाटीत. उपास करायचा असेल तर दही, ताक, फळ, मूठभर शेंगदाणे, राजगिरा असा करा, संकष्टीला साबुदाण्याची खिचडी महिन्यातून एकदा खाल्ली तर काही होत नाही, पण दर सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी असेल तर हिशोबात धरा.

मग सुरुवात कुठून करायची. आधी काहीही बंद करू नका. तीन दिवस, त्यातला एक रविवार, जे तोंडात जाईल ते मोबाइलमध्ये लिहा, नाहीतर सरळ फोटो काढा. भाजी चाखून बघितलेला चमचा, मुलाच्या ताटात उरलेला घास, ऑफिसात कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, सगळं. तीन दिवसांनी ते वाचलं की आपलं वजन कुठून येतंय हे बऱ्याच जणांना कोणी न सांगताच कळतं. कोणाचं चार वेळच्या चहातून, कोणाचं रात्री टीव्हीसमोरच्या फरसाणातून, कोणाचं खरंच पोळ्यांतून.

दुसरं, टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर पोट मोजा, श्वास न ओढता. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) पण आपल्याला २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, युरोपातल्या माणसांपेक्षा कमी, कारण आपल्या शरीरात चरबी पोटात जमायची सवय जास्त आहे आणि हातपाय बारीक असलेल्या माणसालासुद्धा डायबेटिस आणि हार्टचा त्रास होतो.

तिसरं, रक्त तपासा. लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि थायरॉइड. थायरॉइड यासाठी की ते कमी काम करत असेल तर कोलेस्टेरॉल त्यानेच वाढलेलं असू शकतं आणि मग तुम्ही कितीही ताट बदला रिपोर्ट हलत नाही. लिपिड प्रोफाइलमध्ये लोक फक्त टोटल कोलेस्टेरॉल बघतात आणि घाबरतात किंवा खूश होतात, तसं करू नका. तीन आकडे वेगवेगळे वाचा. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, १५० च्या आत हवं. एचडीएल, म्हणजे ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते, पुरुषांना ४० च्या आणि बायकांना ५० च्या वर हवं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १०० च्या आत असलेलं बरं आणि आधी अटॅक आलेला असेल, स्टेंट असेल तर डॉक्टर ७० च्या किंवा त्याच्याही खाली मागतात. आणखी एक आकडा स्वतः काढता येतो, टोटलमधून एचडीएल वजा केलं की नॉन-एचडीएल, त्यात नसांना त्रास देणारं सगळं कोलेस्टेरॉल एकत्र येतं, ते १३० च्या आत असलेलं चांगलं.

ठरवायचं इथे. त्याच स्टॅनफर्डच्या अभ्यासात वजन सारखंच उतरलं तरी रक्तातले आकडे वेगवेगळ्या दिशेला गेले. लो-कार्ब गटात ट्रायग्लिसराइड सरासरी २८ ने उतरलं, लो-फॅट गटात १० ने. एचडीएल लो-कार्बमध्ये थोडं जास्त वाढलं. पण एलडीएल लो-फॅटमध्ये किंचित उतरलं आणि लो-कार्बमध्ये किंचित चढलं. हे सरासरीचे आकडे आहेत, एकेका माणसात खूप मागेपुढे होतं, पण दिशा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

म्हणून तुमचं ट्रायग्लिसराइड वाढलंय, एचडीएल कमी आहे, पोट सुटलंय, साखर बॉर्डरवर आहे म्हणजे एचबीए१सी ५.७ ते ६.४ च्या मधे, तर आधी धान्य आणि साखर कमी करण्याकडे जा. हा नमुना आपल्याकडे फार आढळतो. जास्तीचं कार्ब लिव्हर ट्रायग्लिसराइडमध्ये बदलून रक्तात सोडतं, त्यामुळे यात तेल कमी करून आणि पोळ्या वाढवून उलटंच होतं. दारू घेत असाल तर ट्रायग्लिसराइडसाठी ती पण थांबवायला लागेल, त्याला पर्याय नाही. आणि ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर डाएटचे प्रयोग नको, स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते, सरळ डॉक्टर.

तुमचं ट्रायग्लिसराइड ठीक आहे पण एलडीएल १६०-१७० आलंय तर फॅटकडे बघा, आणि त्यातही सॅच्युरेटेड, म्हणजे एलडीएल वाढवणाऱ्या फॅटकडे. तूप, लोणी, साय, चीज, खोबरं, खोबरेल, मटण, बेकरीचा माल, डालडा. वजन सामान्य आहे आणि तरी एलडीएल १९० च्या वर आहे, घरात कमी वयात अटॅक आलेत, तर ते खानदानी असू शकतं आणि ते ताटाने पुरेसं उतरत नाही, गोळी लागते, त्यात कमीपणा काहीच नाही. दोन्ही बिघडलं असेल तर, जे खूपदा होतं, धान्य थोडं कमी करा आणि फॅटचा प्रकार बदला, एकूण फॅट वाढवायच्या भानगडीत पडू नका.

आता लो-कार्ब आपल्या किचनमध्ये कसं. कीटो करायची गरज नाही, २०-३० ग्रॅम कार्बवर आपलं मराठी माणसाचं ताट चालतच नाही, डाळी उसळी पण सोडाव्या लागतात आणि तसं करण्यात काही शहाणपण नाही. दिवसाला १२०-१५० ग्रॅमपर्यंत आणणं पुष्कळ झालं. क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात फक्त पिण्यातली साखर काढा, चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक, आणि फळांचा ज्यूससुद्धा. चहातली साखर एकदम जमत नसेल तर दर तीन-चार दिवसांनी अर्धा चमचा कमी करत न्या. दुसऱ्या आठवड्यात नाश्ता बदला. पोहे, उपमा, साबुदाणा, इडली याऐवजी मुगाची धिरडी, दोन अंड्यांचं ऑम्लेट भरपूर कांदा टोमॅटो घालून, मोड आलेल्या मटकीची उसळ लिंबू पिळून, किंवा पनीरची भुर्जी. पोहे खायचेच असतील तर पोहे अर्धे आणि मटार, फ्लॉवर, शेंगदाणे यांनी कढई भरा, चव तीच येते.

तिसऱ्या आठवड्यापासून दुपार आणि रात्र. इथे मी एकच नियम सांगते, एका जेवणात एकच धान्य. पोळी घेतली तर भात नाही, भात घेतला तर पोळी नाही. आणि ते धान्य ताटात सगळ्यात शेवटी वाढून घ्यायचं, आधी कोशिंबीर, मग उसळ किंवा मासा किंवा अंडं, भाजी, आणि मग एक भाकरी किंवा दीड पोळी. तीन पोळ्यांवरून एकदम एकीवर येऊ नका, पंधरा दिवस दोनवर राहा. भाजी मात्र वाटीभर न घेता ताटाचा अर्धा भाग भरेल एवढी घ्या, आणि भाजीत बटाटा, रताळं, सुरण हे धान्यात मोजा.

नुसती पोळी कमी केली आणि तिच्या जागी काही ठेवलं नाही तर चार वाजता भूक लागणारच आणि मग वडापाव खाल्ला जाणार, म्हणून प्रोटीन वाढवणं हा लो-कार्बचा खरा जीव आहे. मांसाहारी लोकांना सोपं आहे, बांगडा, तारली, मांदेली यांत हार्टला चांगलं फॅटही असतं आणि सुरमई पापलेटपेक्षा स्वस्त पडतात. कालवण करा किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजा, रव्यात घोळवून तळू नका. शाकाहाऱ्यांना मेहनत आहे. वरणाच्या पातळ वाटीत ४-५ ग्रॅम प्रोटीन मिळतं, त्यावर भागत नाही. घट्ट उसळ मोठी वाटीभर, पिठलं किंवा झुणका, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८-१९ ग्रॅम, सोयाचे ३० ग्रॅम कोरडे चंक्स म्हणजे १५ ग्रॅम, घट्ट दही, फुटाणे, हे रोज फिरवत राहा. डाळीत कार्ब असतंच, पण फायबर आणि प्रोटीन सोबत असल्याने ते साखरेसारखं उडी मारत नाही, त्यामुळे डाळी सोडू नका. आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवायची पद्धत खूप जण करतात, ती किती वेळा खायचं याबद्दल आहे, त्या दोन जेवणांत काय असावं याला वरचं सगळं तसंच लागू पडतं, दोन वेळा म्हणून पाच पोळ्या खाल्ल्या तर आकडे तिथेच राहणार.

लो-फॅट करायचं असेल तर मोजायला लागेल, कारण तेल दिसत नाही. एक ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी, कार्ब आणि प्रोटीनमध्ये ४. चहाच्या छोट्या चमच्याएवढं तेल म्हणजे ४५ कॅलरी, आणि आपण फोडणीला पळीने तेल सोडतो. सोपा हिशोब महिन्याच्या डब्यावरून करा. माणशी दिवसाला चार छोटे चमचे धरले म्हणजे २० मिली, तर चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण अडीच लिटर पुरायला हवं. तुमच्याकडे ५ लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर तेल कुठे जातंय ते शोधा. बहुतेक वेळा तळण, पोळीला लावलेलं तेल, मिसळीची तर्री आणि वांग्याच्या भाजीत सापडेल. डब्यातून थेट कढईत ओतू नका, सकाळीच दिवसाचं तेल वाटीत काढून ठेवा आणि त्यातच सगळा स्वयंपाक बसवा, आठवड्याभरात हात बसतो.

आपल्या मसाल्यात लपलेलं फॅट वेगळं. कूट, सुकं खोबरं, तीळ, काजूची पेस्ट. शेंगदाण्याचं फॅट वाईट नाही, पण मूठभर म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांत १७० कॅलरी, त्यामुळे प्रत्येक भाजीत मूठ नको. ओलं खोबरं कोकणातल्या आणि गोव्याच्या घरांत रोजच लागतं, त्याचं मात्र एलडीएल वाढलेल्याने बघायला हवं, ३० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ९ ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट असतं आणि एलडीएल जास्त असलेल्याला दिवसभरात साधारण १३ ग्रॅमच्या आतच राहायला सांगतात. वाटण अर्धं करा आणि घट्टपणासाठी भाजलेला कांदा किंवा चमचाभर डाळ वाटून घाला. दूध फुल क्रीम म्हणजे ६ टक्के फॅट, टोन्ड ३, डबल टोन्ड दीड. ज्या घरात सायीचं विरजण लावून तूप कढवतात तिथे दूध आपोआप पातळ होतं हे खरं, पण मग ते तूप परत वरणभातावर येतंच, दोन्ही एकत्र मोजा.

लो-फॅटमध्ये मोठी फसगत अशी की फॅट काढलं आणि तिथे कार्ब भरलं. अमेरिकेतच ४८,८३५ बायकांवर विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास झाला, सरासरी ८ वर्षं, २००६ मध्ये निष्कर्ष आले. एकूण फॅट कमी करून धान्य, भाज्या, फळं वाढवायला सांगितलं होतं. हार्टचे आजार आणि स्ट्रोक त्याने लक्षात येण्यासारखे कमी झाले नाहीत. याउलट स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासात ऑलिव्ह तेल किंवा अक्रोड बदाम असं फॅट मुद्दाम वाढवलेल्या लोकांत अटॅक, स्ट्रोक आणि त्यामुळे येणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले, त्या अभ्यासातल्या काही त्रुटींमुळे २०१८ मध्ये तो परत तपासून छापावा लागला तरी निष्कर्ष तसाच राहिला. म्हणून हार्टसाठी फॅट किती यापेक्षा कुठलं याला जास्त वजन द्या. आपल्याला ऑलिव्ह तेल महाग पडतं आणि त्याची गरजही नाही, शेंगदाणा, करडई, मोहरी, तीळ ही आपली तेलं चालतात, आलटून पालटून वापरा. खोबरेल तेलात ९० टक्क्यांच्या आसपास सॅच्युरेटेड असतं आणि तुपात ६० च्या पुढे. तूप विष नाही, चमचाभर वरणावर घेतलं तर निरोगी माणसाला चालतं, पण 'तुपाने कोलेस्टेरॉल उतरतं' म्हणून एलडीएल वाढलेल्या माणसाने सकाळी उठून वाटीभर पिऊ नये, मनापासून सांगते.

आणि हार्टचं बोलताना मीठ विसरू नका, दिवसाला छोटा चमचाभर म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. लो-कार्बवाले फुटाणे, खारे शेंगदाणे, चीज यांतून आणि लो-फॅटवाले भाजलेला पापड, लोणचं, डाएट चिवडा यांतून मीठ भरपूर खातात आणि बीपी वाढलं की आश्चर्य करतात.

सुरू करण्याआधी हा भाग नीट वाचा. डायबेटिसची औषधं चालू असतील तर कार्ब अचानक कमी करू नका. इन्शुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांच्यासोबत जेवणातलं कार्ब कमी झालं की साखर धोकादायक खाली जाऊ शकते, डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी औषधं असतील तर कडक लो-कार्बमुळे रक्तात आम्ल वाढून गंभीर होऊ शकतं आणि त्यात साखर फार वाढलेली दिसतही नाही. बीपीच्या गोळ्या पण वजन उतरल्यावर जास्त होतात, उठताना चक्कर आली तर बीपी मोजा. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर वजन कमी करायची ही वेळ नाही. आणि डाएट सुरू केलं म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) स्वतःहून बंद करायची नाही.

पहिल्या आठवड्यात लो-कार्बवर दीड-दोन किलो उतरले तर पेढे वाटू नका, ते बहुतेक पाणी असतं. शरीरात साठवलेल्या एकेक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (लिव्हर आणि स्नायूंतला कार्बचा साठा) तीनेक ग्रॅम पाणी असतं, साठा वापरला की ते निघून जातं. लग्नात एक दिवस जेवलात की किलोभर परत येईल, ते पण पाणीच. त्यामुळे आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर वजन करा आणि चार आठवड्यांचा कल बघा. सुरुवातीला डोकं दुखणं, मरगळ येणं होतं, बीपी नसेल तर ताकात चिमूटभर मीठ घालून प्या, पाणी वाढवा. बद्धकोष्ठता झाली तर भाजी कमी पडतेय, नाहीतर रात्री चमचाभर इसबगोल मोठा ग्लासभर पाण्यातून, त्याने एलडीएल पण थोडं उतरतं.

तीन महिन्यांनी रिपोर्ट परत करा, ही पायरी गाळू नका. लो-कार्बवर ट्रायग्लिसराइड उतरलं, वजन उतरलं आणि एलडीएल मात्र चढलं असं काही जणांचं होतं, मूळचे बारीक असलेले लोक कडक कीटो करतात त्यांच्यात तर खूपच चढतं. वजन उतरतंय म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका. तूप, बटर, चीज, खोबरं काढून त्याजागी दाणे, मासे, शेंगदाण्याचं तेल आणा, उसळी वाढवा आणि दोन महिन्यांनी परत तपासा, तरी खाली आलं नाही तर धान्य थोडं परत घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. लो-फॅटवर उलटं, एलडीएल उतरलं पण ट्रायग्लिसराइड वाढलं तर पोळ्या आणि फळं किती होतायत ते बघा.

राहिला घरचा प्रश्न, कारण घरोघरी नवऱ्याचं ट्रायग्लिसराइड वाढलेलं असतं, सासूबाईंचं एलडीएल, मुलं वाढत्या वयाची असतात आणि जेवण करणारी एकच बाई. तिने तीन स्वयंपाक करायचे नाहीत. कढई एकच, त्यात तेल मोजून, भाजी आणि उसळ दुप्पट करायची, वाटण अर्धं. नवऱ्याच्या ताटात एक भाकरी आणि दोन वाट्या उसळ, सासूबाईंना दोन पोळ्या, उसळ, ताक आणि वरणावर तूप नाही, मुलांना पोळी भात तूप दूध सगळं, त्यांना यातलं काही लावायचं नाही. फरक फक्त वाढताना करायचा. आणि ज्याचं वजन उतरवायचंय त्याने निदान कोशिंबीर आणि सॅलड स्वतः चिरून ताटात घ्यावं, भाकरी शेवटी वाढून घ्यावी, जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चालून यावं, आणि रात्रीचं फरसाण घरात आणूच नये, मुलांसाठी म्हणूनसुद्धा नको.